आईचा सीटी स्कॅन गुरुवारी, धंतोलीत. आधी काय काय विचारून ठेवू?

पळसफूल | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आई ६७ वर्षांची, उमरेडहून माझ्याकडे मनीषनगरला आली आहे. पंधरा वर्षांपासून शुगर. पोट गच्च वाटतं म्हणून सोनोग्राफी केली. पोटाचं काही निघालं नाही, पण उजव्या किडनीवर तीन सेंटिमीटरची गाठ दिसली. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'सीईसीटी अ‍ॅब्डोमेन' लिहून दिलं. गुरुवारी सकाळी साडेआठची वेळ मिळाली आहे. फोनवरच्या मुलीनं 'चार तास उपाशी या, क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणा' एवढं सांगून फोन ठेवला. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.३ आलंय.

आईच्या दोन भीती: मशीनमध्ये कोंडतात का, आणि मंगळसूत्र काढावं लागेल का. माझी तिसरी: रेडिएशन. आणि सोनोग्राफीत गाठ दिसलीच आहे, तर परत हा खर्च कशाला, असं बाबा उमरेडहून रोज फोन करून विचारताहेत. ज्यांनी हे केलंय त्यांनी लिहा प्लीज.

जवसचटणी | सोमवार, रात्री १०:०५

काहून घाबरून राहिले जी? कोंडत-बिंडत काही नाही. मेदूवड्याच्या भोकातून पलंग आत जाते आन बाहेर येते, तोंड जवळपास उघड्यावरच राहते. ठणठण आवाज करते आन बोगद्यात घालते ते एमआरआय. लोक दोन्हीची खिचडी करतात.

एक मात्र लक्षात ठेवा. पोटाच्या स्कॅनला आधी तासभर बसवून लिटर-दीड लिटर पाणी पाजतात, कधी त्यात गोड औषध असते. आमच्या बुढ्याले मागच्या वर्षी वणीहून आणलं होतं. स्कॅन मस्त झाला, आम्ही लगेच एसटीत बसलो. जाम गाव गाठेपर्यंत कंडक्टरले तीनदा गाडी थांबवा लागली. तेव्हा कोनी सांगतलंच नाही का ते पाणी पोट साफ करते म्हणून. मनीषनगरवाल्याले काही टेन्शन नाही, पण ज्याले दूर जायचं त्यानं दोनेक तास नागपुरातच काढावे.

धंतोलीकर | सोमवार, रात्री ११:१२

मी फिजिशियन आहे. तुमच्या आईला तपासलेलं नाही, त्यामुळे हे सल्ला म्हणून नाही, विचारायच्या गोष्टी म्हणून वाचा.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तो प्रश्न बरोबर आहे. सोनोग्राफी गाठ दाखवते, पण ती निव्वळ पाण्याची आहे की आत काही भरीव आहे, हे दर वेळी खात्रीने सांगता येत नाही. सीटीत आधी साधा स्कॅन काढतात, मग शिरेतून आयोडीनचं औषध सोडून परत काढतात. भरीव गाठीला रक्तपुरवठा असतो, ती हे औषध ओढते आणि उजळ दिसते. पाण्याची गाठ तशीच राहते. 'सीईसीटी'तल्या 'सीई'चं (कॉन्ट्रास्ट एन्हान्स्ड, म्हणजे औषध सोडून उजळलेला) काम हेच. तुमच्या आईच्या बाबतीत इंजेक्शनशिवाय काढलेला स्कॅन अर्धवट ठरला असता. उलट मुतखडा शोधायचा असेल तर साधा स्कॅन पुरतो, इंजेक्शन लागत नाही.

आता क्रिएटिनिन. नुसता १.३ हा आकडा फसवा असतो. वय आणि स्त्री-पुरुष धरून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज, काढतात. ६७ वर्षांच्या बाईला १.३ म्हणजे साधारण ४५. हाच १.३ तिशीतल्या धडधाकट मुलाचा असता तर ७० च्या वर गेला असता. ३० च्या खाली असेल तर आम्ही इंजेक्शन द्यायचं की नाही याचा दोनदा विचार करतो. ४५ ला सहसा अडत नाही, पण रिपोर्ट स्कॅनवाल्यांना दाखवाच.

आई मेटफॉर्मिन घेते का? नावावरून कळत नाही, पट्टीच्या मागे बारीक अक्षरात बघा. शुगरच्या कितीतरी गोळ्या जोडगोळ्या असतात, एक औषध वेगळं आणि दुसरं मेटफॉर्मिन. मेटफॉर्मिन स्वतः किडनी बिघडवत नाही. पण किडनी मंदावली तर ते शरीरात साचतं, म्हणून ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर इंजेक्शनच्या वेळी बंद करून ४८ तासांनी क्रिएटिनिन परत पाहतात. काही सेंटरं सरसकट सगळ्यांनाच बंद करायला सांगतात. तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

खरी गडबड वेगळीच होते. पेशंट उपाशी राहतो आणि सवयीनं सकाळची शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन टाकतो. मग वेटिंगमध्ये घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. सगळे म्हणतात स्कॅनला घाबरले! गुरुवारी सकाळच्या डोसचं काय करायचं ते बुधवारीच विचारा. बीपीची गोळी मात्र घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सहसा हरकत नसते.

पळसफूल | सोमवार, रात्री ११:३०

आत्ता उठून पट्टी पाहिली. आहे मेटफॉर्मिन. आई गेली आठ वर्षं तिला 'पिवळ्या डब्यातली गोळी' म्हणते.

शंकासुर | मंगळवार, सकाळी ७:५२

सगळे सीटी करा सीटी करा म्हणताहेत म्हणून दुसरी बाजू. २०२१ च्या मे महिन्यात दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनीच सांगितलं होतं की एक सीटी म्हणजे ३०० ते ४०० छातीचे एक्सरे. कोरोनात आपल्याकडे घराघरात छातीच्या सीटीचा स्कोअर विचारला जायचा, २५ पैकी किती म्हणून, जणू दहावीचे मार्क.

दुसरं, चिठ्ठीवर सेंटरचं नाव छापलेलं होतं का? माझ्या मेव्हण्याला एका डॉक्टरांनी ठरावीक ठिकाणीच जा म्हणून बजावलं होतं. दुसरीकडून आणला तर रिपोर्ट बघायला तयार नाहीत.

काळी_फिल्म | मंगळवार, सकाळी १०:२०

सरकारी रुग्णालयात एक्सरे आणि सीटीवर ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. सुरुवातीला फिल्म डार्करूममध्ये धुवायचो, म्हणून हे नाव.

शंकासुर, रेडिएशनचं थोडं नीट मांडू. गुलेरियांच्या त्या विधानावर रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेनं तेव्हाच आक्षेप घेतला होता, कारण आता कमी डोसचे स्कॅन काढता येतात. एक्सरेशी तुलना केली की कुठलाही आकडा भयंकर वाटतो, कारण छातीचा एक्सरे फारच किरकोळ असतो, ०.१ मिलिसिव्हर्ट (हे किरणांच्या डोसाचं माप) किंवा त्याहून कमी. त्यापेक्षा वर्षाचा हिशेब धरा. जमीन, हवा, आकाश यांतून जगभरात माणसाला सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतंच. डोक्याचा सीटी साधारण २ चा, पोटाचा ८ ते १० चा. म्हणजे पोटाचा एक स्कॅन तीन-चार वर्षांच्या नैसर्गिक किरणांइतका. ६७ वर्षांच्या बाईला किडनीवर गाठ असताना हा सौदा परवडतो. सहा वर्षांच्या पोराला पोट दुखतं म्हणून आल्या आल्या सीटी, हा परवडत नाही. तिथं आधी सोनोग्राफी होईल का, हे विचारलंच पाहिजे.

आणि एक, जे कोणी विचारत नाही. इंजेक्शन सोडल्यावर एकदाच स्कॅन, की दोनदा-तीनदा? प्रत्येक फेज म्हणजे नवा स्कॅन, नवा डोस. किडनी-लिव्हरच्या गाठीला जास्त फेज लागतात, ते योग्यच. पण साध्या दुखण्याला 'ट्रिपल फेज' लिहिलं असेल तर कारण विचारा. दिलेला डोस मशीन स्वतः नोंदवून ठेवतं. सीडीतल्या शेवटच्या पानावर तक्ता असतो. एवढ्या वर्षांत तो माझ्याकडे दोघांनीच मागितला, त्यातले एक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक.

आता पळसफूलताई, आईंसाठी.

मंगळसूत्र. सीटीत चुंबक नसतो, त्यामुळे सोनं, हाडातली पट्टी, पेसमेकर यांचा धोका नाही. धातू फक्त चित्र खराब करतो, उन्हात काच चमकावी तशा रेघा उमटतात. पोटाचा स्कॅन छातीच्या खालच्या भागापासून सुरू होतो. मी बायांना मंगळसूत्र वर हनुवटीपाशी सरकवून द्यायचो, काम व्हायचं. छातीचा किंवा मानेचा स्कॅन असता तर काढावंच लागलं असतं. पण खरी शत्रू सेफ्टी पिन! साडीला खांद्यावर एक, निरीला एक, आणि एक अशी की जी बाईलाही आठवत नाही. गाऊन घालून न्या. परकराची नाडी चालते, हूक नको.

सुई. हे औषध सलाईनसारखं ठिबकत नाही. पंप ते सेकंदाला तीन-चार मिलिलिटर वेगानं ढकलतो, एकूण ८०-१०० मिलिलिटर. म्हणून कोपराच्या खळीत चांगली शीर बघून गुलाबी किंवा हिरवी इंट्राकॅथ (शिरेत राहणारी नळीची सुई) लावतात. वॉर्डातून येणाऱ्यांच्या हातावर बारीक निळी असते, ती पाहून आम्ही परत टोचायचो आणि शिव्या खायचो. औषध जाताना सुईपाशी आग झाली, फुगलं, तर लगेच ओरडायला सांगा. भिडस्तपणा नको. काच मोठी असते, पलीकडच्या खोलीत आम्हाला सगळं दिसतं आणि ऐकूही येतं.

श्वास. मशीन बोलतं, 'ब्रीद इन, होल्ड युवर ब्रेथ'. काही ठिकाणी हिंदी आवाज भरलेला असतो, मराठी मी क्वचितच ऐकला. आईंना आज रात्री पलंगावर निजवून दहा मोजेपर्यंत श्वास रोखायचा सराव करवा. श्वास सुटला की किडनी सरकते आणि चित्र हलतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं शेवटी लिहितो, कारण लिहिताना अजून संकोच वाटतो. औषध गेल्यावर दहा-वीस सेकंदांत अंगभर गरम लाट येते. घशात आधी, तोंडाला लोखंडाची चव, मग ओटीपोटात. आणि हुबेहूब असं वाटतं की कपड्यातच लघवी झाली. होत नाही. फक्त वाटतं, अर्ध्या-एक मिनिटात जातं. हे सांगायचं राहून गेलं तर काय होतं ते मी पाहिलंय. शिस्तीची एक म्हातारी शिक्षिका, स्कॅन झाल्यावर पलंगावरून उठेचना. चादर घट्ट धरून ठेवलेली. मी दोनदा म्हटलं, आजी झालं, उठा. त्यांनी मान फिरवून भिंतीकडे केली. शेवटी आयाबाईंनी वाकून कानात विचारलं तेव्हा कळलं. चादर कोरडी होती. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला आधी सांगायला लागलो, घाई असली तरी.

पळसफूल | मंगळवार, सकाळी १०:४१

काका, हे मला कुणीच सांगितलं नसतं. आईही अशीच आहे.

मिहानपलीकडे | मंगळवार, दुपारी १:१५

धंतोलीकरांनी पाण्याच्या गाठीचं लिहिलं, त्यात एक भर. सीटी प्रत्येक ठिपक्याला आकडा देतो. पाणी शून्य, हवा उणे एक हजार, हाड शेकड्यांत वर. त्या मापाला हौन्सफिल्ड म्हणतात, गॉडफ्री हौन्सफिल्ड या इंजिनिअरच्या नावावरून. हा माणूस ईएमआय कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचा, डॉक्टर नव्हता. लंडनला १ ऑक्टोबर १९७१ रोजी त्याच्या यंत्रावर पहिल्या पेशंटच्या मेंदूचा स्कॅन निघाला, आणि १९७९ मध्ये अ‍ॅलन कॉरमॅकबरोबर वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा रिपोर्ट आला की गाठीपुढे 'एचयू' लिहिलेला आकडा शोधा. शून्याच्या आसपास असेल आणि इंजेक्शननंतरही वाढला नसेल तर ती पाण्याची.

धंतोलीकर | मंगळवार, दुपारी २:०३

आकडा शोधा जरूर, पण निदान करू नका, ते आमच्यासाठी ठेवा :)

शंकासुर, कमिशनचा प्रश्न खोटा नाही. पण राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत हे स्पष्ट आहे: तपासणी कुठून करायची हे पेशंटनं ठरवायचं. दुसऱ्या नोंदणीकृत सेंटरचा स्कॅन आहे एवढ्यावरून तो नाकारणं बरोबर नाही. चित्र खराब असेल तर गोष्ट वेगळी. आणि दर आधी फोनवर विचारा: प्लेन किती, इंजेक्शनसह किती, औषधाची बाटली वेगळी धरली आहे का, फिल्म आणि सीडी त्यातच का. कोरोनात सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं छातीच्या एचआरसीटीला मशीनप्रमाणे २,०००, २,५०० आणि ३,००० रुपयांची मर्यादा घातली होती. काही जण अजून तोच दर धरून भांडतात. तो त्या साथीपुरता आणि छातीच्या साध्या स्कॅनपुरता होता.

वैनगंगा | मंगळवार, रात्री ८:३०

धाग्यात घुसते, माफ करा. गडचिरोलीच्या भाच्याला, वय १९, सिकलसेल आहे. त्यालाही पोटाचा सीटी सांगितला आहे नागपुरात. ते इंजेक्शन चालतं का? शिवाय त्याला कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे, कुणीतरी म्हणालं मग आयोडीन जमणारच नाही.

धंतोलीकर | मंगळवार, रात्री ९:४५

सिकलसेल आहे म्हणून हल्लीचं औषध वर्ज्य ठरत नाही, पण फॉर्मवर ते ठळक लिहा आणि तोंडीही सांगा. त्याला खरा त्रास तहानेचा. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातल्या तांबड्या पेशी वाकड्या होऊन दुखणं उसळतं. गडचिरोलीहून एप्रिलच्या उन्हात चार तासांचा प्रवास, वर 'उपाशी या' म्हणून पाण्याचा थेंब नाही, हे त्याच्यासाठी स्कॅनपेक्षा वाईट. अन्न बंद असलं तरी साधं पाणी बहुतेक ठिकाणी चालतं. फोन करून विचारा, सकाळची पहिली वेळ मागा, जमलं तर आदल्या रात्री मुक्कामाला या.

कोळंबीचा आणि या इंजेक्शनचा काही संबंध नाही, तो जुना गैरसमज. मासळीतल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असते, आयोडीनची नव्हे. विचारायचं ते असं: याआधी सीटीच्या इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन आली होती का, दमा आहे का. आली असेल तर आदल्या दिवसापासून गोळ्या देतात किंवा दुसरा मार्ग काढतात. स्कॅननंतर अर्धा तास बाकावर बसवतात आणि सुई तशीच ठेवतात, ते याच्यासाठी. खाज, पित्त उठणं, घसा आवळणं यातलं काही झालं तर लगेच सांगायचं. घाई करून सुई काढायला लावू नका.

सांडगे | बुधवार, सकाळी ११:००

बाळंतिणीसाठी कुणी लिहिलं नाही म्हणून. मला बाळ चार महिन्यांचं असताना इंजेक्शनसह सीटी झाला. सासूबाई म्हणाल्या दोन दिवस दूध काढून फेक. रेडिऑलॉजिस्ट म्हणाले, गरज नाही, दुधात नगण्य उतरतं. नाही फेकलं. पोरगी आता दुसरीत आहे. दिवस गेल्याची नुसती शंका असेल तरी मात्र आधी सांगा, पाळी चार दिवस पुढे गेली असली तरी.

काळी_फिल्म | बुधवार, सकाळी ११:३५

पळसफूलताई, सोनोग्राफीची जुनी फाईल न्या. रिपोर्ट लिहिणाऱ्याला कुठल्या गाठीकडे पाहायचं ते कळतं. फिल्मचे मोबाईलवर काढलेले फोटो कुणाच्याच कामाचे नसतात, सीडी नाहीतर लिंक मागा.

पळसफूल | गुरुवार, संध्याकाळी ६:१०

झालं!

साडेआठची वेळ होती, आत घेतलं दहा वाजता. तासभर ते गोड पाणी. आई म्हणाली, साखर बंद करून आठ वर्षं झाली आणि आता दवाखानाच पाजतोय (साखर नाही म्हणाले, मी विचारलं). संमतीचा फॉर्म इंग्रजीत होता, मराठी मागितला तर कपाटातून शोधून दिला, कोरा करकरीत. तीन पिना मी घरीच काढल्या, चौथी तिथल्या सिस्टरला सापडली.

बुधवारी रात्री दिवा बंद केल्यावर मी आईला ते लघवीचं सांगितलं. उजेडात बोलवेना मला. ती काहीच बोलली नाही. सकाळी वेटिंगमध्ये पांढुर्ण्याहून आलेली एक बाई शेजारी होती, तिचाही पोटाचाच. मी बिल भरून परत आले तर आई तिच्याकडे वाकून हळू आवाजात तोडक्यामोडक्या हिंदीत सांगत होती, 'होता नहीं, सिर्फ लगता है. डरना मत.' मला पाहून दोघी गप्प झाल्या.

रिपोर्ट पाचला मिळाला. उजव्या किडनीला ३.१ सेंटिमीटरची साधी पाण्याची गाठ, बॉस्निअक १ (किडनीच्या पाण्याच्या गाठींची सगळ्यात साधी पायरी), एचयू ६, इंजेक्शननंतर वाढ नाही. वर फुकटात 'उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा' असंही लिहिलंय. यानं आता माझी झोप जाणार.

धंतोलीकर | गुरुवार, संध्याकाळी ७:२५

झोपा. चुना झालेला जुना डाग आहे तो. बहुतेकदा कधीतरी होऊन बरं झालेल्या संसर्गाची खूण असते, आपल्याकडे असंख्य लोकांच्या छातीत सापडते. स्कॅन खोलवर बघतो, म्हणून न विचारलेलंही लिहून येतं. उद्या डॉक्टरांना दोन्ही ओळी दाखवा आणि मेटफॉर्मिनचं त्यांनी काय सांगितलं होतं ते पाळा. आज आईंना भरपूर पाणी.

जवसचटणी | गुरुवार, रात्री ८:०२

बाबाले उमरेडले फोन केला का? का अजून खर्चाचंच विचारून राहिले?

पळसफूल | गुरुवार, रात्री ८:१०

केला. म्हणाले, 'पाण्याचीच होती ना, मी म्हणतच होतो.'

शंकासुर | गुरुवार, रात्री ९:३०

अभिनंदन. आता माझाच प्रश्न. काकांना हार्टचा सीटी सांगितलाय, अँजिओचा, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा. मेडिकलजवळच्या टपरीवर रोज सहा कप चहा पितात. काही पथ्य?

काळी_फिल्म | गुरुवार, रात्री ९:५०

आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद. हृदय हलतं असतं, ठोके साठ-पासष्टच्या आत आले तर चित्र स्वच्छ येतं. त्यासाठी तिथं ठोके कमी करायची गोळीही देतात, म्हणून दमा असेल तर आधी सांगा. स्कॅनआधी जिभेखाली नायट्रोचा (रक्तवाहिन्या रुंद करणाऱ्या औषधाचा) स्प्रे मारतात. त्यामुळे 'पुरुषांच्या ताकदीची' म्हणतात ती गोळी काका घेत असतील तर आधीचे दोन दिवस नको, बीपी एकदम कोसळतं. हे सांगायला लाजून गप्प राहणारे मी खूप पाहिले. आणि हा प्रश्न सुनेनं किंवा मुलीनं विचारायचा नाही, काकांना एकट्याला विचारा.

शंकासुर | गुरुवार, रात्री ९:५८

मी विचारू?! बरं. उद्या टपरीवर विचारतो. शेवटचा चहा म्हणून.